काठीची होळी, दोन भिंगांतून

काठी, तालुका अक्कलकुवा. होळीची रात्र.

इथली राजवाडी होळी पेटते पहाटे, पण नाच रात्रभर चालतो. एवढ्या अंधारात माझ्या स्टिरिओ रिअ‍ॅलिस्टला फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. 1947 साली बाजारात आलेला हा कॅमेरा सात सेंटिमीटर अंतरावरच्या दोन भिंगांतून एकाच क्षणाची दोन चित्रं टिपतो. त्रिमिती चित्रात जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट हवं, नाहीतर डोळा अडखळतो. म्हणून छिद्र एफ 11 वर. 28 गाइड नंबरचा (मीटरमध्ये) फ्लॅश आयएसओ 100 च्या फिल्मवर तेवढ्या छिद्राला जेमतेम अडीच मीटर पुरतो. दुप्पट अंतरावरच्या माणसाला चौथाई उजेड मिळतो. मागचा सातपुडा तर नाहीसाच होतो.

मला खरी ओढ नाचणाऱ्यांच्या मोरपिसांच्या टोपाची. पिसाचा रंग बघण्याच्या कोनावर बदलतो, त्यामुळे डाव्या भिंगाला जिथे निळं दिसतं तिथे उजव्याला हिरवं दिसू शकतं. दोन्ही चित्रं एकत्र दाखवणाऱ्या व्ह्यूअरला डोळे लावले की हे दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत, झळाळतात. साध्या फोटोत ही झळाळी कधीच येत नाही.

तरी नाचणाऱ्याच्या तोंडावर अचानक फ्लॅश मारणं मला पटत नाही. नवसाचं व्रत पाळून आलेला माणूस तो. त्याचे डोळे दिपवायचा मला काय अधिकार? आधी विचारावं, तो थांबला तर एकदाच उडवावा. आणि होळी पेटली की फ्लॅश पिशवीत. ज्वाळांचा तांबूस उजेड त्या पांढऱ्या झोताने मारून टाकण्यापेक्षा ट्रायपॉड लावावा, शटर लांबवावं. माणसं थोडी पुसट आली तरी चालतील.