तापणे आणि तापवणे

‘गाडी तापवली’ म्हटले की काळजी जाणवते आणि ‘गाडी तापली’ म्हटले की संकट. अंतर केवळ एका प्रयोजक प्रत्ययाचे. हिंगोलीत हिवाळ्यातील पहाटे वडील जीप सुरू करून बराच वेळ उभी ठेवीत. त्या काळी ते योग्यच होते: थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसे, कार्ब्युरेटरचा चोक ओढावा लागे. आज इंधनाचे प्रमाण संगणक ठरवतो. अर्धे मिनिट पुरते, पुढे संथ चालवल्यानेच इंजिन लवकर तापते. उभ्या गाडीत इंधन मात्र वाया जाते. तरीही लगेच निघताना वडिलांची शिस्त मोडल्याची रुखरुख लागते. मग औंढ्याच्या रस्त्यावर पहिले दोन किलोमीटर मी वेग आवरतो. रीत बदलली तरी तिच्यामागची काळजी अशी टिकते.