सोनेरी पक्ष्याचा माग

पॅरिसमध्ये लूव्र झालं, सीन नदीवरची फेरी झाली, आयफेल टॉवरही झाला. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला सांगायची आहे ती एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातली दुपार.

कपाटात लाल मोरोक्को चामड्याची बांधणी असलेलं एक छोटं पुस्तक होतं. पुठ्ठ्याच्या कडांना सोन्याच्या वर्खाची लेससारखी नक्षी आणि तिच्या वळणांत पंख पसरलेले इवलेसे पक्षी. असा पक्षी म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्या निकोला-दनी दरोम (१७३१–१७९०) याची खूण, असं मानतात. पण दुकानाच्या चिठ्ठीवर फक्त 'पॅरिस, अठरावं शतक' एवढंच. दरोम का नाही, असं मी विचारलं.

दुकानाच्या वयस्क मालकीणबाईंनी पुस्तक उघडून ठेवलं आणि माझ्या हाती भिंग दिलं. मग एक जुनं फोल्डर काढलं. बांधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आत शाबूत असलेल्या पुस्तकांवर पातळ कागद ठेवून, पेन्सिल हलकेच घासून घेतलेल्या छापा त्यात होत्या. दरोमच्या छापेतल्या पक्ष्याच्या डाव्या पंखात चार पिसं, समोरच्या पक्ष्याच्या तीनच. शिवाय हा अंगानंही जरा मोठा.

चामड्यावर अंड्याचा पांढरा बलक लावून वर्ख ठेवायचा आणि तापवलेला धातूचा ठसा दाबायचा, अशी ही कारागिरी. ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे तंतोतंत सारखे दोन सापडणं कठीण. एखाद्याचा टवका उडाला की पुढच्या प्रत्येक छापेत तो दिसतो. मला हे फार सुंदर वाटलं. बहुतेक बांधणाऱ्यांनी नावं लिहिलीच नाहीत. त्यांचा माग लागतो तो असाच.

बाई मात्र इथेही थांबल्या नाहीत. छाप जुळली तरी ठसा कळतो, हात कळत नाही, म्हणाल्या. ठसे विकले जात, वारशानं जात. दरोमचंच दुकान पुढे भाचा ब्रादेल याच्याकडे गेलं.

त्यांच्या टेबलावर जाइल्स बार्बर यांची, २०१३ मध्ये निघालेली इंग्लंडमधल्या वॉडस्डन मॅनरच्या संग्रहाची दोन खंडांतली सूची होती. असे ठसे एकेक करून त्यात नोंदवलेत. हे चिकाटीचं काम मला राजवाड्यांहून मोठं वाटतं.

लिलावात नुसत्या पक्ष्यावरून कुणी 'दरोम' म्हणून किंमत चढवली, तर आधी त्या पक्ष्याचं माप मागा आणि तीच छाप असलेलं नावाच्या चिठ्ठीचं पुस्तक दाखवायला सांगा.