अरबी समुद्राचा कार्बन कोण मोजणार?

संपादकांनी दोन अटी घातल्या: लेख आपल्या बदलापूर-अंबरनाथ परिसराशी जोडलेला हवा आणि रसायनशास्त्र कमी हवं. पहिली आनंदाने पाळते. दुसरी जमेल तेवढी पाळते, कारण या विषयातून रसायनशास्त्र काढलं की नुसती मतं उरतात.

गेल्या उन्हाळ्यात नदीवर काम करणाऱ्या अंबरनाथच्या काही मुलांनी मला त्यांची वही दाखवली. बदलापूरला उल्हास, शिवमंदिराजवळ वालधुनी, खाली कल्याणची खाडी, अशा प्रत्येक ठिकाणचा सामू दर रविवारी नेमाने लिहिलेला. ‘मॅडम, आपली नदी समुद्रात किती कार्बन नेते, ते यावरून काढून द्या.’ त्या वहीवरून ते निघत नाही. हे त्यांना सांगावं लागलं, याचं वाईट मला अजून वाटतं.

पाण्यातला कार्बन चार राशींनी धरता येतो: सामू (pH), अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा अंशदाब, म्हणजे त्या एका वायूचा दाब. तापमान आणि खारटपणा ठाऊक असेल, तर चारांपैकी दोन मोजून उरलेल्या दोन गणिताने मिळतात. एकीवरून काही मिळत नाही. शिवाय साध्या बफरवर जुळवलेलं मीटर खाऱ्या पाण्यात चुकतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा सामू सरासरी सुमारे ०.१ने उतरला. हल्ली ही घसरण दशकाला ०.०२च्या आसपास आहे, आणि हातातल्या मीटरची चूकच त्याहून मोठी असते. उल्हासनगरखालच्या पाण्यात आणखी एक अडचण येते. सांडपाण्यातली सेंद्रिय आम्लं अल्कलिनिटीच्या मोजणीत मिसळतात आणि गणित फसतं. तिथे अंशदाब थेटच मोजावा लागतो.

फरक एवढे बारीक असल्यामुळे गोव्यात मोजलेला आकडा आणि जपानी जहाजावर मोजलेला आकडा एकाच मापाचे असावे लागतात. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतले अँड्र्यू डिक्सन यांनी त्यासाठी गाळून निर्जंतुक केलेलं समुद्राचं पाणी, नेमकी मोजदाद करून, काचेच्या बाटल्यांत जगभर पाठवायला सुरुवात केली. वाण्याच्या वजनावर सरकारी शिक्का असतो, तसा आमच्या यंत्रांवर या बाटल्यांचा. कोविडच्या साथीत तिथलं काम अडलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना तुटवडा पडला. एका अख्ख्या शास्त्राचं प्रमाण इतकी वर्षं मुख्यतः एका प्रयोगशाळेवर उभं राहावं, हे मला धोक्याचं वाटतं.

हे जुळवाजुळवीचं काम पाहणारा आंतरराष्ट्रीय समुद्र-कार्बन समन्वय प्रकल्प पोलंडमधल्या सोपोट गावातून चालतो. पाठीशी युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग आहे. हा प्रकल्प देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना एकाच पद्धतीने मोजायला आणि आकडे एकत्र ठेवायला राजी करतो. समुद्रपृष्ठाच्या अंशदाबाचा सॉकॅट हा जागतिक संग्रह २०११मध्ये प्रथम खुला झाला. माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो, हे आपण आज खात्रीने सांगतो ते अशा संग्रहांच्या जोरावर.

आता एक गैरसमज, जो व्याख्यानाला जाईन तिथे समोर येतो. १९९४ ते १९९७मध्ये, जेगॉफ्स या आंतरराष्ट्रीय समुद्र-अभ्यासाच्या कार्यक्रमात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राचा कार्बन मोजला. वर्षाचा हिशेब मांडता तो हवेला कार्बन डायऑक्साइड देतो, असं दिसलं. कारण नैऋत्य मोसमी वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याचं वरचं पाणी दूर लोटतात आणि खालचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं. एवढं ऐकून लोक म्हणतात, ‘म्हणजे आपला समुद्रच प्रदूषण करतो.’ हे साफ चूक आहे. कारखाने नव्हते तेव्हाही तो वायू देतच होता, आणि आजच्यापेक्षा जास्त देत असणार. तेव्हा हवेतलं प्रमाण दहा लाखांत २८० भाग होतं, आता ४२०च्या वर गेलं आहे. हवेतला त्याचा अंशदाब वाढला, पाणी आणि हवा यांतला फरक घटला, म्हणून वायू कमी सुटतो. जो सुटायचा राहिला, तो आपल्या धुराचा वाटा समुद्राने पोटात घेतला. देणारा समुद्रही असा घेत असतो. हे समजायला दोन मोजण्या लागतात, एक जुनी आणि एक नवी, त्याच जागची.

नव्या मोजण्या फार थोड्या आहेत. सॉकॅटच्या नकाशावर अरबी समुद्र बराचसा कोरा आहे आणि असलेल्या रेषांतल्या कित्येक १९९०च्या दशकातल्या. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याच्या कलम २४६नुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात संशोधनाला त्या देशाची संमती लागते. ते योग्यच आहे. सुरक्षेचं म्हणाल, तर तापमान आणि खारटपणाचे खोल छेद पाणबुडी शोधायला उपयोगी पडतात, हेही मला मान्य. पृष्ठभागाचा अंशदाब त्या कामाचा नाही. तो मोजायला आणि वाटायला हात आखडता घेण्याचं कारण मला दिसत नाही.

नद्यांबाबत तर आणखी अंधार आहे. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली. उल्हास वर्षभराचं बहुतेक पाणी, आणि त्याबरोबर माती, पालापाचोळा, सांडपाणी, अशाच दिवसांत वाहून नेते. नेमक्या त्याच दिवसांत खवळलेल्या समुद्रामुळे मोजणीच्या बोटी बंदरात असतात. म्हणून वसईच्या खाडीच्या मुखाशी पावसाळाभर टिकेल असं स्वयंचलित केंद्र हवं. ते अंशदाब थेट मोजेल, पावसाळ्याआधी आणि नंतर त्याची यंत्रं प्रमाणित वायूवर तपासली जातील आणि त्याचे आकडे त्याच वर्षी जागतिक संग्रहात जातील.