बोलके पुस्तक

मित्रांनो, मराठी वाचायला शिकताना तुम्हांला काय अवघड गेले, ते आठवून पाहा. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे वाचतो, तर मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूत ‘ळ’ हे अक्षर नाही. म्हणून म्हणायचे असते ‘बाळ’ आणि तोंडातून निघते ‘बाल’. घरी त्याचा अर्थ होतो केस! ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला च वेगळा. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. हा फरक कानांनीच शिकावा लागतो.

मी नवी मुंबईत उर्दू माध्यमाच्या प्राथमिक वर्गांना शिकवते. माझ्या मुलांपैकी कोणाचे वडील वाशीच्या घाऊक बाजारात काम करतात, कोणाचे रिक्षा चालवतात. पुष्कळ घरांत मराठी फारशी बोलली जात नाही. वर्गात मुले चाळीस आणि शिक्षिका एक. प्रत्येकाचे वाचन रोज ऐकायचे कसे?

या कामी मला वाचनाच्या ॲपची मदत झाली. 2015 साली ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. तेथे अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात. काही गोष्टी उर्दूतही आहेत आणि मराठीतही. 2019 साली गूगलने भारतात ‘बोलो’ नावाचे ॲप आणले. पुढच्याच वर्षी ते ‘रीड अलाँग’ या नावाने मराठी, उर्दू आणि इतर भाषांत आले. मूल मोठ्याने वाचते आणि ॲप ऐकते. शब्द अडला, तर त्यावर बोट ठेवायचे. ॲप तो उच्चारून दाखवते. नीट वाचले, की तारे मिळतात.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचे सुबक उतरवून घ्यायची. पण वाचायला उभी केली, की गप्प. चुकले तर मुले हसतील, ही तिला भीती. टॅबलेट काही हसत नाही. एकच शब्द दहा वेळा विचारला, तरी कंटाळत नाही. कोपऱ्यात बसून ती हळूहळू वाचू लागली.

पण तुम्ही म्हणाल, मग शिक्षक कशाला हवेत? ऐका. एका मुलाने ताऱ्यांसाठी भराभर तीन गोष्टी वाचल्या. मी विचारले, “गोष्टीतली म्हातारी कुठे निघाली होती?” तो माझ्याकडे पाहतच राहिला. उच्चार बरोबर होते, अर्थ मात्र हाती लागला नव्हता. तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. गोष्ट संपली, की टॅबलेट बंद करायचा आणि ती गोष्ट मित्राला सांगायची. आधी उर्दूत, मग मराठीत.

त्या मुलीनेही असेच केले. काही महिन्यांनी तिची आई शाळेत आली. त्यांच्या चाळीत पाणी बंद राहण्याची मराठी सूचना लागली होती. मुलीने ती वाचून अम्मीला उर्दूत समजावली आणि घरात वेळेवर पाणी भरून ठेवले गेले. हे सांगताना आईचे डोळे भरून आले. त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

मित्रांनो, सर्वांच्या घरी टॅबलेट नसतो. मोबाइल असला, तरी तो अब्बांबरोबर कामावर जातो. पण धाकट्या भावंडांजवळ तुम्ही तर आहात! रोज दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. त्यांना मराठीतील एक पान मोठ्याने वाचू द्या. अडले तर शब्द सांगा, चुकले तर हसू नका. शेवटी एक प्रश्न जरूर विचारा, “गोष्टीत पुढे काय झाले?”