मी कुठे? तो कुठे?

पूर्वी फोन उचलला की पहिला प्रश्न असायचा, “कोण बोलतंय?” मोबाईल आला आणि त्याचं “कुठे आहेस?” झालं. उत्तरही ठरलेलं, “आलोच, पाच मिनिटांत!” हे उत्तर होस्टेलच्या गादीवरून, पांघरुणातून दिलं जातंय हे विचारणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. तरी मैत्री टिकते! आमच्या चौघांच्या बी.ई. प्रोजेक्टचा विषय नेमका हाच निघाला : इमारतीच्या आत माणूस कुठे आहे ते वायफायच्या सिग्नलवरून शोधणे. म्हणजे वर्षभर आम्ही या गोड थापेच्या मुळावरच उठलो होतो म्हणा ना!

आता तुम्ही म्हणाल, जीपीएस आहे की! आहे, पण रस्त्यावर. ते उपग्रह साधारण २० हजार किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तोच इतका अशक्त, की स्लॅब आणि चार भिंती ओलांडायचं त्राण त्यात उरत नाही. वायफायचे राउटर मात्र आपल्या डोक्यावरच टांगलेले. प्रत्येक जण सेकंदाला सुमारे दहा वेळा ओरडत असतो, “मी इथे आहे, मी इथे आहे!” फोन ते ऐकतो आणि आवाज केवढा आला ते डीबीएममध्ये मोजतो. राउटरच्या खाली उभं राहिलं तर उणे ४० च्या आसपास, पार कोपऱ्यात गेलं तर उणे ९० च्या जवळ.

मग काय, सोपं आहे! आवाजावरून अंतर काढायचं, तीन राउटरभोवती तीन वर्तुळं काढायची, छेदतील तिथे माणूस. पुस्तकात असंच असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. पण आमची लायब्ररी म्हणजे मोकळी जागा नव्हे, लोखंडी रॅकचं जंगल. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी असते सुमारे साडेबारा सेंटीमीटर. रॅकवर, कपाटावर, भिंतीवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना साथ देतात, तर कुठे एकमेकींचे पाय ओढतात. फोन वीतभर सरकवला तरी आकडा बदलतो. वर्तुळं काही केल्या एका ठिकाणी छेदायला तयार नाहीत.

यावरचा तोडगा २००० सालीच निघालेला आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या परमवीर बहल आणि व्यंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ नावाची पद्धत मांडली. ५० हून जास्त खोल्यांचा एक मजला आणि फक्त तीन बेस स्टेशन. त्यांनी मजल्यावर ७० जागा ठरवल्या, प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून सिग्नल मोजले आणि सगळ्याची एक यादी केली. नंतर नवीन मोजमाप आलं की यादीतल्या कशाशी जुळतं ते बघायचं. या पद्धतीत निम्म्या वेळा तरी चूक तीन मीटरच्या आत राहिली. भिंती, रॅक, कपाटं यांचा हिशेब करायचाच नाही. त्यांनी केलेला गोंधळ जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यायचा! इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळची पद्धत कुठली? सिद्धता येत नसेल तर वहीत बघून जुळवा.

उदाहरण घ्या. फोनला तीन राउटर ऐकू आले : उणे ४८, उणे ६७, उणे ७२. वहीत ‘रॅक १२’ समोर लिहिलंय उणे ५०, उणे ६५, उणे ७४. फरक दोन, दोन, दोन. वर्गांची बेरीज १२, वर्गमूळ साडेतीनच्या आत. ‘वाचनकक्षाचं दार’ समोर आहे उणे ६०, उणे ५८, उणे ७१. तिथे हेच उत्तर येतं १५. म्हणजे तुम्ही रॅक १२ जवळ. बारावीत शिकलेलं अंतराचं सूत्र, दुसरं काही नाही!

ही वही भरायला मात्र अंगमेहनत लागते. खडूने फुल्या मारायच्या, फुलीवर उभं राहायचं, मोजायचं, वळायचं, पुन्हा मोजायचं. वळायचं का? तर आपलं निम्म्याहून जास्त शरीर पाण्याचं, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. राउटरकडे पाठ केली की आपणच सिग्नलच्या वाटेत भिंत होऊन उभे! आम्ही एक फेरी मुद्दाम रविवारी रिकाम्या लायब्ररीत केली आणि दुसरी परीक्षेच्या तोंडावर, भरलेल्या लायब्ररीत. फुल्या त्याच, राउटर तेच, आकडे वेगळे. माणसं नुसती बसलेली असतात, त्यांच्या खिशात फोन असो वा नसो, तरी हवेतल्या लहरींवर त्यांची सही उमटते. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या वहीत बघणं वेगळं.

आमचा हा फुगडीसारखा खेळ लायब्ररीतले काका रोज बघायचे. त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे मी चहाला गेलो की वर कळणार तर!”

आम्ही हसलो. पण संध्याकाळी कॅन्टीनमध्ये कटिंग घेताना कोणी हसेना. कारण काकांनी प्रोजेक्टचा खरा प्रश्न विचारला होता. गणित एकच, पण ते दोन बाजूंनी करता येतं. फोनने राउटर ऐकायचे आणि वही फोनमध्येच ठेवायची, तर प्रश्न होतो “मी कुठे आहे?” राउटरनी फोन ऐकायचा आणि वही सर्व्हरवर ठेवायची, तर प्रश्न होतो “तो कुठे आहे?” मूळच्या ‘रडार’मध्येही ऐकायचं काम बेस स्टेशनांकडेच होतं. सूत्रात एक चिन्हही बदलत नाही. बदलतो तो वहीचा मालक.

दुसऱ्या बाजूचा उपयोग नसतो असं मुळीच नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार आठवडे ५४ स्टेशनांवर वायफायवरून फोनांचा माग काढून पाहिला. ५६ लाख फोन! किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जाणारे लोक तब्बल १८ वेगवेगळ्या वाटांनी जातात हे त्यातून कळलं. तिकिटावरून ते कळलं नसतं, कारण तिकीट फक्त आत शिरताना आणि बाहेर पडताना दिसतं. पण तिथे फोनची ओळख पुसून टाकली जात होती, स्टेशनांवर पाट्या लावल्या होत्या, आणि नको असेल तर वायफाय बंद करा, असंही सांगितलं होतं. ॲपलने २०१४ पासून नेटवर्क शोधणाऱ्या फोनचा पत्ता खोटा दाखवायला सुरुवात केली, तीही याच धास्तीने. विचारून मोजणं आणि न विचारता मोजणं यात फरक आहे, हे मोठमोठ्यांना मान्य करावं लागलं.

आमच्याकडे मात्र सूचना आलीच. “हे सर्व्हरवर घ्या, हजेरीही निघेल, स्टाफचंही कळेल. प्रोजेक्टला वजन येईल.” आमच्यातल्या एकाला ते पटलंही. त्याचं म्हणणं, रेझ्युमेवर ‘अटेंडन्स सिस्टिम’ लिहिलं की इंटरव्ह्यूला समोरच्याला लगेच कळतं. चूक नव्हतं त्याचं. दोन दिवस वाद झाला. शेवटी तोच म्हणाला, “काकांना सांगायला कोण जाणार?” कोणीच हात वर केला नाही. निर्णय झाला!

वही फोनमध्ये आली. विद्यार्थी पुस्तकाचं नाव टाकणार, फोन त्याला रॅकपर्यंत नेणार, तो कुठे होता हे फोनबाहेर जाणार नाही. याची किंमतही मोजली. आयफोन साध्या ॲपला आजूबाजूच्या राउटरची यादी देतच नाही, म्हणजे आयफोनवाले बाद. अँड्रॉइडनेही २०१८ पासून दोन मिनिटांत चारच स्कॅन करायची मर्यादा घातली. डेव्हलपर सेटिंगमधून आम्हाला ती काढता आली, पण वापरणाऱ्याला कोण ते करायला सांगणार? त्यामुळे नकाशावरचा ठिपका तुमच्या मागून रमतगमत येतो. व्हायवात एक्स्टर्नलनी बरोबर तिथेच बोट ठेवलं, “सर्व्हरवर केलं असतं तर हे टळलं असतं ना?” आम्ही म्हणालो, “हो सर, टळलं असतं.” आणि का नाही केलं तेही सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, ब्लॉक डायग्राम काढाल तेव्हा शेवटच्या चौकोनातून बाण बाहेर कोणाकडे जातो ते एकदा बघा. रिपोर्टमध्ये त्याला मार्क नसतात. आमच्या वहीत लायब्ररीतली प्रत्येक फुली आहे, भरलेल्या दिवसाची आणि रिकाम्या दिवसाचीही. काका चहाला कधी जातात, ते मात्र त्यात नाही.