मित्र, नपुंसकलिंगी

आठवीत संस्कृतच्या पेपरात मी 'सः मम मित्रः' असं लिहिलं आणि अर्धा गुण गेला. बाईंनी लाल शाईने विसर्ग खोडून पुढे पाय मोडका म लिहिला होता. मित्रम्. बाकावरचा माझा सख्खा मित्र नपुंसकलिंगी निघाला म्हणून वर्ग आठवडाभर खिदळत होता. बाई पुढे जे म्हणाल्या ते त्या हसण्यात वाहून गेलं: हाच शब्द पुल्लिंगी केला की त्याचा सूर्य होतो.

सूर्यनमस्काराच्या बारा नावांत पहिलं नाव मित्राचंच. रवी, सूर्य, भानू सगळे त्याच्यामागून.

ऋग्वेदात तो वरुणाच्या जोडीने येतो. एकट्या मित्राचं असं सूक्त तिसऱ्या मंडलात एकच, आणि त्याचा ऋषी कोण, तर विश्वामित्र! (विश्व आणि अमित्र अशी फोड करून त्या तापट ऋषीची थट्टा होते, पण नावातला तो दीर्घ 'श्वा' ऋषीपुरता पाणिनीनेच मान्य केलेला आहे.) माणसांना एकत्र आणणं आणि दिल्या शब्दाला जागवणं, हे या देवाचं काम. तुर्कस्तानात बोगाझकोयला मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत हित्ती आणि मितान्नी राजांचा तह आहे, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. त्या तहाला साक्षी म्हणून बोलावलेल्या देवांत वरुण, इंद्र, नासत्य यांच्यासोबत मित्रही आहे. म्हणजे जिव्हाळा वगैरे मागाहून आला असावा. आधी होता तो करार. सूर्य वरून सगळं बघतो, त्याच्यासारखा साक्षीदार दुसरा कोण मिळणार?

इराणात तो अवेस्तेतला मिथ्र झाला, फारसीत मेहर. मेहर म्हणजे सूर्य आणि मायासुद्धा. पारशांच्या अग्यारीला दर-ए-मेहर म्हणतात ते त्याच्याच नावाने. तिकडूनच तो मिहिर होऊन संस्कृतात परतला, वराहमिहिराच्या नावात जाऊन बसला, आणि मराठीत आला तो मेहेरबान होऊन. मेहेरबानी मात्र मला मैत्रीची बिघडलेली बहीण वाटते. मित्र उपकार मोजत नाही.

बाकावरच्या त्या मित्राकडून भूमितीच्या पेपराला मी कर्कटक घेतलं होतं. 'उद्या देतो' म्हणालो होतो. ते अजून माझ्याच खणात आहे.