दुसरा पिकअप

वाद्यवृंदात बास गिटारीकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते. ती थांबली की मात्र गाणे पोरके होते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ आणली, तेव्हा तिला पिकअप एकच होता : चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह उमटतो. त्याचाच पुढे नाद होतो. १९६० च्या ‘जॅझ बास’ला पिकअप दोन मिळाले. तेव्हापासून जुन्या गिटारीतही ब्रिजजवळ दुसरा पिकअप बसवून घेण्याचा मोह वादकांना होत आला आहे.

तार तीच, बोटही तेच. मानेकडचा पिकअप भरदार, गोल स्वर टिपतो. ब्रिजजवळ तारेचे हेलकावे लहान, म्हणून तिथला स्वर रेखीव, धारदार. तारेत जे आहे, तेच दुसऱ्या जागेवरून ऐकू येते, एवढेच.

जोडणी उलटी झाली, तर दोन्ही एकत्र वाजवताच एकाची लाट दुसऱ्याची लाट पुसते आणि नेमका खर्जच हरवतो. दोष दोघांतही नसतो. एकाच्या दोन तारांची अदलाबदल केली की खर्ज परततो.

लाकडात कोरलेली खाच मात्र पूर्ववत होत नाही, आणि जुन्या गिटारीचे मोलही तिने उतरते. म्हणून तरुण वादकांना आम्ही सुचवू : आधी दोन पिकअपांची गिटार मागून आणून महिनाभर वाजवावी. उणीव तरीही जाणवली, तरच लाकडाला हत्यार लावावे.